हे पाय, आलंच!

वऱ्हाडच्या माणसाला चढ म्हणजे काय हे मुळात ठाऊक नसतं. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन इतकी सपाट, की एका गावच्या पाण्याच्या टाकीखाली उभं राहिलं तर पुढच्या गावची टाकी दिसते. जुन्या लोकांनी या मुलखाला पायनघाट असंच नाव दिलंय, म्हणजे घाटाच्या खालचा देश. सायकलला गिअर असतात ही गोष्ट आमच्या पोरांना जाहिरातीतून कळते. अमरावतीत राजकमलजवळच्या रेल्वेपुलावर सायकल चढवता आली, की मुलगा मोठा झाला असं आमच्या लहानपणी समजत.

माणसं अशी सपाटीवर राहिली आणि देव तेवढे डोंगरावर जाऊन बसले. उत्तरेला सातपुड्याच्या कडेला मोर्शीच्या पुढे साळबर्डीचा महादेव, परतवाड्याच्या पुढे मुक्तागिरीची जैन मंदिरं, अकोटच्या वर मेळघाटाच्या जंगलात धारगडचा महादेव. दक्षिणेला पातूरला टेकडीवर रेणुकामाता. एवढ्यानं ज्यांचं भागत नाही ते थेट पचमढी गाठतात आणि चौरागडाच्या तेराशेच्या आसपास पायऱ्या चढतात. देव वर का गेले याची शास्त्रोक्त कारणं अनेक आहेत. माझं म्हणणं साधं आहे. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५च्या वर गेल्यावर ज्याला शक्य आहे तो गार गुहा शोधणारच, आणि देवाला काय अशक्य आहे? इंग्रजांनाही हे लवकर कळलं. १८२३ साली हैदराबाद कंटिंजंटच्या कॅप्टन रॉबिन्सनला चिखलदरा सापडलं आणि साहेब लोक उन्हाळ्यात वर जाऊन बसू लागले. फरक इतकाच, की साहेब वर जात तो गारव्यासाठी, आणि आम्ही जातो तेव्हा वर पोचेपर्यंत अंगातलं सगळं पाणी शर्टावर आलेलं असतं.

त्यात एक राजकीय अन्यायही आहे आणि त्याकडे कोणत्याही पक्षाचं लक्ष नाही. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा वऱ्हाड मुंबई राज्यात आलं आणि बैतुल जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. साळबर्डी गाव हद्दीवर आलं, महादेवाची गुहा पलीकडे गेली. मुक्तागिरीही बैतुल जिल्ह्यातच. म्हणजे वाटणीत सपाटी आमच्याकडे आली आणि चढ तिकडे गेला. साळबर्डीला माणूस महाराष्ट्रात धापा टाकायला लागतो आणि धाप संपते ती मध्य प्रदेशात. मधेच खिशातला मोबाइल वाजतो. घरून कोणी काळजीनं मेसेज केला असेल म्हणून बघावं, तर 'मध्य प्रदेशात आपलं स्वागत आहे'. एखाद्या राज्यानं इतक्या दमलेल्या अवस्थेत आपलं स्वागत करू नये.

आमच्या घराण्यात डोंगरावरच्या देवाचे खरे अधिकारी म्हणजे मोठेबाबा. वडिलांचे थोरले भाऊ. वय सत्तरीच्या पुढे, पोट त्याहून पुढे. सपाटीवर त्यांच्याइतका धीट भाविक नाही. घरी बाजेवर बसून ते कोणत्याही डोंगराचा नवस बोलू शकतात. नातवाला खोकला झाला, बोलले साळबर्डी. कपाशीला भाव मिळाला, बोलले चौरागड. तुरीवर अळी पडली तेव्हा तर एकाच दमात दोन डोंगर बोलून बसले. नवस बोलताना माणूस नेहमी सपाटीवर बसलेला असतो, सगळा घोटाळा तिथं आहे. चौरागडाला नवसाचा त्रिशूळ खांद्यावर घेऊन चढायची रीत आहे. वर गेलात तर त्रिशुळांचं रानच दिसतं, हाताएवढ्यापासून एकट्या माणसाला न उचलणाऱ्यापर्यंत. तो मोठा त्रिशूळ ज्यानं बोलला त्याच्या समोर त्या वेळी चहाचा कप होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. लोहाराला वजन सांगताना माणूस उदार होतो. पहिल्या शंभर पायऱ्यांनंतर तो त्रिशूळ पुतण्याच्या खांद्यावर जातो, दोनशेनंतर जावयाच्या. नवस मात्र पूर्ण मोठ्या माणसाच्या नावावर जमा होतो.

निघायची तयारी हा वेगळाच सोहळा. महाशिवरात्रीची यात्रा, म्हणजे सगळ्यांना उपास. उपास म्हटल्यावर रोज एकदा होणारा स्वयंपाक आदल्या रात्रीपासून सुरू होतो. साबुदाण्याची उसळ, भगर, शेंगदाण्याची आमटी, शिंगाड्याच्या पिठाचा शिरा, उकडलेली रताळी, वर कवठाची चटणी, आणि "दुपारी भूक लागली तं" म्हणून शेंगदाण्याचे लाडू वेगळे. गाडीत माणसं बसायच्या आधी डबे बसतात. मोठी आई डब्यांच्या मधे जागा काढून बसते आणि गाडी मोर्शी सोडत नाही तोच विचारते, "अवो, थोडीशी उसळ घेता काय? चढाचं हाय, पोट रिकामं नोको." मोठेबाबा घेतात. देवाला भुकेल्या पोटी भेटायचं असतं हे त्यांना मान्य आहे. डोंगराला भुकेल्या पोटी भेटू नये, हेही मान्य आहे.

साळबर्डीला माडू नदीच्या काठी यात्रा भरते. पालं, रेवड्या, फुटाणे, बेलफुलांची दुकानं, डमरू, उसाच्या रसाची घुंगरं वाजवणारी गाडी, हरवलेल्या माणसांची नावं पुकारणारा भोंगा. भोंग्यात ज्याचं नाव येतं तो माणूस बहुधा भोंग्याच्या शेजारीच रस पीत उभा असतो. इथपर्यंत मोठेबाबा पुढे असतात. नदी ओलांडून वाट वर वळते आणि त्यांना एकाएकी आम्हा मुलांना संधी द्यावीशी वाटते. "व्हा समोर. मी येतो मांगून."

आणि मग सुरू होतो या लेखाचा खरा विषय.

डोंगरावर चढणारा माणूस उतरणाऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारतो आणि उतरणारा एकच उत्तर देतो. सातपुड्यात वाघ आहेत, अस्वलं आहेत, सागवान आहे. पण या डोंगराचं सर्वांत विपुल उत्पादन म्हणजे हे उत्तर.

"भाऊ, किती रायलं वो?"

"हे पाय, आलंच! त्या वळनाच्या मांगं."

"मंघाच्यानंबी असंच सांगतलं वो. मंग वळन आलं अन् गेलं."

"त्याले काय मालूम? तो चढता चढता सांगे. मी वरून येऊन सांगून रायलो."

यावर बोलायला जागाच उरत नाही. वरून आलेल्या माणसाच्या शब्दाला एक वजन असतं. त्याच्या कपाळाला ओला गंध असतो, हातात प्रसादाची पुडी असते, चेहऱ्यावर पाप धुऊन आल्याचं समाधान असतं. आणि एवढं सगळं घेऊन तो माणूस डोळ्यात डोळे घालून खोटं बोलतो. दर्शनानंतरचं त्याचं हे पहिलं काम.

या खोट्याच्याही रीती आहेत. तरुण पोरं अंतर मिनिटांत सांगतात, "पाच मिनट", आणि ती पाच मिनिटं कोणत्या घड्याळातली हे विचारायच्या आत उड्या मारत खाली निघून जातात. म्हाताऱ्या बाया झाडात सांगतात, "थे उंबराचं झाळ दिसते ना बापा, तिथून देऊळच लागते." झाड खरंच असतं. देवळाशी त्याचा संबंध नसतो. लहान लेकरू कडेवर असलेली आई अर्ध्यात सांगते, "अर्ध्यावर आले नं तुमी." हे अर्धं पायथ्यापासून माथ्यापर्यंत कुठेही भेटतं. नवरा-बायको एकत्र उतरत असतील तर नवरा म्हणतो "आलंच", बायको त्याच्याकडे एकदा बघते आणि काही बोलत नाही. संसारात राहिलेला माणूस त्या बघण्यावरून खरं अंतर काढू शकतो.

एकदा मात्र नियम मोडला. वरून एक गृहस्थ उतरत होते. टोपी, काठी, पाठीला पिशवी, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, हे त्यांनीच सांगितलं. मोठेबाबांनी नेहमीचा प्रश्न केला. गृहस्थ थांबले, घड्याळ पाहिलं, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही एकतृतीयांश आलेले आहात. समोरचा टप्पा यापेक्षा खडा आहे. तुमचा वेग पाहता सव्वा तास धरा. उतरताना गुडघ्यांवर ताण जास्त येतो, तो वेगळा."

क्षणभर सगळी वाट गप्प झाली. आमच्या मागची एक सबंध कुटुंबाची रांग खाली बसली. एका बाईनं डोक्यावरची पिशवी उतरवून डबा उघडला. कुठून तरी कोणी म्हणालं, "खालूनच हात जोडले तं नाई चालत काय?" त्या एका खऱ्या वाक्यानं महादेवाचे निदान दहा-पंधरा भाविक गेले असते. तेवढ्यात वरून एक आजीबाई काठी टेकत आल्या, नऊवारीचा काचा मारलेला, पायात काही नाही. बसलेल्या लोकांकडे पाहून म्हणाल्या, "अवं माय, इथं काहून बसले? हे पाय, आलंच!" आणि सगळे उठले. मोठेबाबाही उठले. निवृत्त मोजणीदार घड्याळाकडे बघत उभे राहिले. त्यांच्या आयुष्याची सगळी मोजणी नऊवारी नेसलेल्या एका बाईनं दोन शब्दांत रद्द केली होती.

हे मी सांगतोय त्याला कारण आहे माझा आतेभाऊ. तो पुण्यातल्या संगणकाच्या कंपनीत आहे आणि कंपनीनं त्याला काही महिने जपानला धाडलं. तिथं सुट्टीच्या दिवशी तो एका डोंगरावरच्या देवाला गेला आणि वर पोचल्यावर आत्याबाईंना व्हिडिओ कॉल लावला. शिकोकू नावाचं बेट, त्यावर कोतोहिरा गाव, आणि गावाच्या डोक्यावर कोनपिरा देवाचं ठाणं. दर्यावर्दी लोकांचा हा देव. त्या डोंगराच्या नावाचा अर्थ हत्तीच्या डोक्याचा डोंगर, असं तो म्हणाला. आत्याबाईंनी लगेच फोनला हात जोडले. "गणपतीच हाय म्हन ना मंग सरळ!"

"आई, बरोबर ७८५ पायऱ्या आहेत मुख्य देवळापर्यंत," तो सांगत होता. "त्याच्याही वर आणखी एक देऊळ आहे, तिथपर्यंत १३६८."

इथं आमच्याकडे शांतता पसरली. पायऱ्या बरोबर इतक्या, असं कोणी सांगू शकतो ही कल्पनाच नवी होती. आमच्याकडे पायऱ्या किती, या प्रश्नाला आकडा नसतो, मत असतं. चार जण एकत्र मोजत गेले तर वर चार आकडे येतात आणि त्यावर उतरेपर्यंत वाद पुरतो. मोठेबाबांनी फोन हातात घेतला. "म्हंजे ७८५ झाले का कोणी सांगते, आनखीन ५८३ हायेत म्हनून? अन् तरी लोक वर जातात?"

"जातात ना. खाली दुकानात काठीसुद्धा मिळते."

"मंग ते लोक येगळे हायेत," मोठेबाबा म्हणाले. "आपल्याले आकडा सांगतला तं आपन तिथंच जेवाले बसतो."

आत्याबाईंचे प्रश्न व्यवहाराचे होते. "नारळ फोडला काय रे?"

"इथं नारळ नाही फोडत. आधी हात धुवायचे, चूळ भरायची. मग देवापुढे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, परत एकदा वाकायचं."

"टाळ्या? टाळ्या कायच्या?"

"वर चढून आल्याच्या," मोठेबाबांनी परस्पर सांगून टाकलं. ही रीत त्यांना एकदम पटली. पुढच्या शिवरात्रीला गुहेत शिरताना त्यांनी खरोखर दोन टाळ्या वाजवल्या आणि मागच्या लोकांना वाटलं भजन सुरू झालं. दहा जण टाळ्या वाजवायला लागले.

त्या कोनपिरा देवाकडे पूर्वी दमलेल्या माणसांना वर न्यायला पालखी मिळायची. दोन माणसं बांबूला टांगलेल्या खुर्चीत बसवून नेत. वाहणाऱ्यांची वयं झाली, नवे कोणी मिळाले नाहीत, आणि २०२० साली ती सोय बंद झाली. हे ऐकून मोठेबाबा इतके हळहळले की जणू त्यांची जागा आरक्षित झालेली होती आणि ऐनवेळी गाडी रद्द झाली. पण त्यांना खरा धक्का बसला तो कुत्र्याच्या गोष्टीनं. एदोच्या काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या अडीचशे वर्षांत, ज्यांना स्वतःला एवढ्या लांब जाता येत नसे ते आपल्या कुत्र्याला यात्रेला पाठवत. गळ्यात पिशवी, पिशवीत मालकाचं नाव, देवाचे पैसे आणि वाटखर्च. वाटेतले यात्रेकरू त्याला हाताशी धरत, पिशवीतल्या पैशातून खाऊ घालत, पुढच्याच्या स्वाधीन करत. कुत्रा वर जाऊन दर्शन करून यायचा आणि पुण्य मालकाला मिळायचं. तिथं त्या कुत्र्याचं मोठं नाव आहे.

मोठेबाबांनी चष्मा काढला. अंगणात आमचा मोत्या नालीच्या कडेला झोपला होता. बराच वेळ त्याच्याकडे पाहून ते म्हणाले, "याले पाठवला तं हा मोर्शीच्या आलूबोंड्याच्या गाळीपाशीच नवस फेडन." नंतर ते थोडा वेळ गप्प होते. मला वाटतं, कुत्र्याऐवजी जावई चालेल का याचा विचार करत असावेत.

जपान्यांची शिस्त काही ठिकाणी आपल्या अंगावर येईल. तोत्तोरी भागात मितोकू डोंगरावर कड्याच्या खोबणीत लाकडी देऊळ बसवलंय. नागेइरे-दो म्हणतात त्याला. तिथं चढण्याआधी माणसाच्या पायातलं पाहतात. तळवा बरोबर नसेल तर गवताच्या चपला विकत घ्याव्या लागतात. एकट्या माणसाला सोडत नाहीत, पाऊस असला तर कोणालाच सोडत नाहीत. एवढं करून त्या देवळात जाताच येत नाही, समोरच्या कड्यावरून बघायचं. आतेभावानं हे सांगितलं तेव्हा मोठी आई म्हणाली, "मंग घरूनच पाह्याचं की." एकट्याला सोडत नाहीत या अटीची आम्हाला भीती नाही. आमच्याकडून चौदाच्या खाली कोणी डोंगराला गेलेलं नाही. पायातलं पाहणं मात्र जड जाईल. आमच्याकडे वर जाताना कोणाच्या पायात काय आहे हे कोणी बघत नाही. वर जाऊन आल्यावर चप्पल आहे का, एवढंच बघावं लागतं.

तरी आपल्याकडेही शिस्तीचा एक डोंगर आहे. मुक्तागिरी. दिगंबर जैनांचं सिद्धक्षेत्र, डोंगराच्या कुशीत बावन्न देवळं, मधोमध पावसाळ्यात कोसळणारा धबधबा. पायऱ्या नीट बांधलेल्या, वाट स्वच्छ, आवाज नाही. साडेतीन कोटी मुनी इथून मोक्षाला गेले अशी श्रद्धा आहे. ही संख्या मी मोठेबाबांना धीर यावा म्हणून सांगितली. त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "साडेतीन कोटीत माहा नंबर लावू नोको." मुक्तागिरीत मात्र ते शेवटपर्यंत चढले. कारण उघड होतं. तिथं उतरणारे लोक शांतपणे उतरत होते, कोणाला विचारायचा संकोच वाटत होता, आणि विचारलंच नाही म्हटल्यावर फसवलं कोणी नाही. वर धबधब्याच्या तुषारात उभं राहून त्यांनी बावन्न देवळं एकदा नजरेनं मोजली आणि जाहीर केलं की एकावन्न पाहिली तरी चालतात.

डोंगर चढणाऱ्याला फसवण्याची परंपरा आमच्याकडे जुनी असावी. १८०३च्या डिसेंबरात गाविलगड घ्यायला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन आले. किल्ल्याच्या उत्तरेच्या अंगाला तोफा न्यायच्या म्हणून स्टीव्हन्सनच्या फौजेनं रस्ता तयार करत करत जड तोफा डोंगरांवरून ओढत नेल्या. त्यात कित्येक दिवस गेले. १५ डिसेंबरला गड पडला. इतिहासकार यात इंग्रजांची चिकाटी पाहतात. मोठेबाबांना यात आमचा एखादा गुराखी दिसतो. "गोऱ्यानं इचारलं असन, किती रायलं? त्यानं सांगतलं असन, हे पाय, आलंच. नाई तं इतक्या जड तोफा घेऊन कोन येते वर?" पुराव्याअभावी हे मत कुठं छापून येणार नाही. मला ते खरं वाटतं.

शेवटी साळबर्डीची गुहा येते. येतेच, हा या सगळ्या खोट्याचा एकमेव खरा भाग. आत वाकून जावं लागतं. इतका वेळ ज्या पोटाला पुढे करून मोठेबाबा चढले ते पोट इथं कुठं ठेवायचं हा प्रश्न उभा राहतो. मागचे लोक "हर बोला हर हर महादेव" म्हणत ढकलतात, पुढचे निघत नाहीत, आणि आत खडकातून पाण्याचे थेंब पिंडीवर पडत असतात, कोणाच्याही गडबडीशी काही संबंध नसल्यागत. घामानं निथळलेल्या माणसाला तो गारवा लागला की पायातलं सगळं विसरतं. साळबर्डीला लहान महादेव म्हणतात आणि पचमढीला मोठा. इथून थेट पचमढीपर्यंत भुयार आहे असं लोक सांगतात. हे ऐकल्यावर मोठी आई दर वेळी म्हणते, "अवो, मंग तुमचा चौरागडचा नवस भुयारानंच फेडून टाका ना. चढ तरी नाई लागनार." आणि दर वेळी मोठेबाबा म्हणतात, "भुयारात इचाराले कोन भेटन, किती रायलं म्हनून?"

याच डोंगरात चक्रधरस्वामींनी बारा वर्षं तप केलं असं महानुभाव परंपरा सांगते. दर्शन झाल्यावर बाहेरच्या दगडावर बसून मोठेबाबांनीही तसाच निश्चय जाहीर केला. आता ते इथंच बसणार, खाली येणार नाहीत, संसाराचा मोह उरला नाही. मोठ्या आईनं शिंगाड्याचा शिरा काढला तेव्हा मोह परत आला.

उतरताना खरी गंमत. ज्या माणसानं चढताना प्रत्येक उतरणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या मोजल्या, तो माणूस पहिल्याच वळणावर बदलतो. खालून एक जोडपं येत होतं. नवरा लाल झालेला, बायकोनं कमरेवर हात ठेवलेला. नवऱ्यानं तोंड उघडायच्या आत मोठेबाबांनी हात वर केला आणि ओरडले, "हे पाय, आलंच!" मी त्यांच्या कानाशी म्हणालो, "मोठेबाबा, अजून बरंच आहे." ते म्हणाले, "मंग काय सांगू? वापस जा म्हनू? आमाले कोनं सांगतलं का वापस जा म्हनून?" मग थोडं थांबून, "अन् तसंबी, मी गेलो तं ते काहून नाई जानार?" या दोन कारणांपैकी पहिलं धर्माचं आहे आणि दुसरं वऱ्हाडाचं. मी पहिलं ग्राह्य धरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात सगळे भिंतीला धरून चालतात. जिना आडवा उतरतात. मोठेबाबा बाजेवरून उठत नाहीत, तिथूनच चहा मागवतात. संध्याकाळपर्यंत शेजारचे येतात, विचारतात, लय चढ हाय म्हनते ना साळबर्डीले? मोठेबाबा गुडघ्याला तेल लावता लावता हात उडवतात. "कायचा चढ बाप्पा! मोजून पंधरा मिनटाचं काम. तुमी पुढच्या सालाले येजा संगं." आणि शेजारचे हो म्हणतात.

जपानी माणसाला खरा आकडा पचतो, त्याचं मला कौतुक आहे. पण सपाटीत वाढलेल्या माणसाला डोंगर चढवायचा तर त्याला पुढच्या वळणापलीकडचं काही सांगू नये, हे साळबर्डीच्या वाटेवरच्या प्रत्येक आजीबाईला कळतं आणि मोजणी खात्याला कळत नाही. माझं मत आजीबाईंच्या बाजूनं आहे.

ज्यांना यंदा धारगडला जायचं असेल त्यांनी श्रावणातला तिसरा सोमवार धरावा. मेळघाटचं वाघाचं जंगल आहे, वनखातं यात्रेपुरतंच आत सोडतं, तेव्हा फाटकाची वेळ आधी विचारून घ्या. ही वेळ मात्र वनरक्षकालाच विचारा, उतरणाऱ्याला नाही. पाण्याच्या बाटल्या भरून न्या आणि रिकाम्या परत आणा. रबरी स्लिपर घालू नका. आणि मोजणी खात्यातला कोणी ओळखीचा असेल तर त्याला खाली गाडीत डबे सांभाळायला बसवा.